मॉड आपल्याकडे चालतो, दुसऱ्याकडे जांभळा दिसतो: स्कायरिम मॉडच्या पॅकिंगमधलं नेहमीचं दुखणं

लक्षणं ओळखीची आहेत. स्कायरिम स्पेशल एडिशन या कॉम्प्युटर खेळासाठी जमेल तेव्हा थोडं थोडं काम करून एक मॉड, म्हणजे खेळात भर घालणारा फाईलींचा संच, उभा राहिला आहे: एक वस्ती, पाच-सहा पात्रं, एक छोटा क्वेस्ट (खेळाडूला दिलेलं काम). आपल्या मशीनवर सगळं झकास चालतं. झिप करून दुसऱ्याला दिला, की भिंती जांभळ्या, म्हाताऱ्याचा चेहरा कोळशासारखा काळा आणि मानेपाशी रंगाची सरळ रेघ. क्वेस्ट देणाऱ्या बाईशी बोलायला जावं तर कामाचा विषयच यादीत नाही. राहिलेली एक फाईल टाकून नवी आवृत्ती द्यावी, तर तिच्यात दुसरंच काहीतरी गळलेलं असतं.

कारण बहुतेक वेळा एकच निघतं. दिलेला मॉड आधीपासून अपुराच होता आणि बनवणाऱ्याचं मशीन त्याची उणीव गुपचूप भरून काढत होतं. ही भर चार जागांवरून पडते: डेटा फोल्डरमध्ये साचलेल्या सुट्या फाईली, मॉड ऑर्गनायझर या मॉड बसवण्याच्या प्रोग्रामचं ओव्हरराईट (नव्यानं तयार झालेल्या फाईली जमा होण्याची जागा), जुना सेव्ह आणि कधीतरी बसवून विसरलेले मदतनीस मॉड. या चारही जागा बंद करून मॉड चालवला नाही, तर चाचणी झाली असं म्हणण्यात अर्थ नाही.

आधी मशीन कोरं करा

मॉड ऑर्गनायझर २ मध्ये नवं प्रोफाईल बनवा. त्या प्रोफाईलचे सेव्ह आणि आयएनआय (सेटिंगच्या) फाईली वेगळ्या ठेवण्याचे पर्याय चालू करा. आता त्यात फक्त दोन गोष्टी हव्यात: मूळ खेळ आणि तुमची झिप, ती सुद्धा परक्याची डाउनलोड केल्यासारखी मॅनेजरमधून बसवलेली. कामाचा फोल्डर टिक करून चाचणी घेऊ नका, कारण त्यात झिपेत न गेलेल्या फाईलीही असतात आणि नेमक्या त्याच शोधायच्या आहेत. मॉडला एसकेएसई (स्क्रिप्टची ताकद वाढवणारं जोडसॉफ्टवेअर) लागत असेल तर ते आणि जाहीर केलेल्या इतर गरजा तेवढ्या ठेवा.

इथे बरेच जण फसतात. प्रोफाईल नवं असलं तरी ओव्हरराईट सगळ्या प्रोफाईलना सामाईक असतं आणि क्रमात सर्वांत शेवटी येऊन सगळ्यांवर मात करतं. क्रिएशन किट (मॉड बनवण्याचं अवजार) मॉड ऑर्गनायझरमधून चालवलं की त्यानं नव्यानं तयार केलेल्या फाईली, म्हणजे फेसजेन (पात्रांचे तयार चेहरे), कंपाईल झालेल्या स्क्रिप्ट, एसईक्यू (क्वेस्टच्या संवादांना लागणारी फाईल), बहुधा इथेच येऊन पडतात. त्यामुळे कोरं वाटणारं प्रोफाईलही तुमच्या फाईली वाचत राहतं. चाचणीआधी ओव्हरराईट पूर्ण रिकामं करा. त्यातलं जे मॉडचं आहे ते कामाच्या फोल्डरमध्ये हलवा, उरलेलं ओळखीचं नसेल तर बाजूला काढून ठेवा.

क्रिएशन किट मॉड ऑर्गनायझरशिवाय थेट चालवत असाल तर मामला आणखी बिकट. तेव्हा सगळं खेळाच्या खऱ्या डेटा फोल्डरमध्ये जातं आणि ते कुठल्याच प्रोफाईलमधून लपत नाही. मूळ खेळाच्या डेटामध्ये टेक्सचर्स (पृष्ठभागाची चित्रं) आणि मेशेस (थ्रीडी आकार) नावाचे सुटे फोल्डर नसतात, ते सगळं बीएसए आर्काइव्हमध्ये, म्हणजे अनेक फाईलींच्या एकत्र गठ्ठ्यात असतं. हे फोल्डर तिथे दिसले तर ते तुम्ही किंवा तुमच्या एखाद्या अवजारानं टाकलेले आहेत. संदर्भासाठी मूळ बीएसए कधीतरी तिथेच उघडल्या असतील, तर सुट्या फाईलींचा हा ढीग मॉडमधल्या चुका वर्षानुवर्षं झाकून ठेवतो. उघडायच्याच असतील तर दुसऱ्या ड्राइव्हवर उघडा.

टेक्सचर आणि मेश बघायला मुख्य मेनूतूनच कन्सोल (आज्ञा टाईप करायची खिडकी) उघडून सीओसी ही आज्ञा आणि जागेचं नाव देऊन थेट उतरलं तरी चालतं. क्वेस्ट आणि संवाद तपासायला हा शॉर्टकट नको, कारण अशानं खेळाची सुरुवातीची जुळवाजुळव पूर्ण होत नाही आणि भलत्याच चुका दिसायला लागतात. त्यासाठी रीतसर नवा खेळ सुरू करा. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

जांभळा रंग आणि लाल उद्गारचिन्ह

जांभळं म्हणजे मेश सापडली, टेक्सचर नाही. लाल पाटीवरचं उद्गारचिन्ह म्हणजे मेशच सापडली नाही. दुसरं सोपं आहे: कन्सोल उघडून त्यावर क्लिक करा, वरच्या क्रमांकावरून एक्सएडिट या मॉडच्या नोंदी बघण्या-बदलण्याच्या अवजारात वस्तू शोधा, तिच्या मॉडेलचा पाथ बघा आणि ती फाईल झिपेत टाका. ती फाईल दुसऱ्या कुणाच्या मॉडमधली निघाली, तर एक तर त्याची परवानगी घ्या किंवा तो मॉड गरज म्हणून जाहीर करा. नुसती उचलून टाकू नका.

जांभळ्याला जरा वेळ द्यावा लागतो. मेश निफस्कोप या मेश बघण्या-बदलण्याच्या अवजारात उघडा. आकाराच्या नोडखाली लायटिंग शेडर प्रॉपर्टी असते आणि तिच्याखाली टेक्सचर सेट. सेटमधली पहिली ओळ मुख्य रंगाची, दुसरी नॉर्मल मॅपची (पृष्ठभागाचा उंचसखलपणा दाखवणाऱ्या चित्राची). पाथ टेक्सचर्स या शब्दापासून सुरू झालेला हवा. थ्रीडी सॉफ्टवेअरमधून एक्सपोर्ट करताना तिथे कधीकधी ड्राइव्हच्या अक्षरापासूनचा पूर्ण पत्ता उमटतो: सी ड्राइव्ह, युझर्स, तुमचं नाव, डेस्कटॉप वगैरे. तुमच्याकडे तो पत्ता खरोखरच अस्तित्वात असतो, बाकी कुणाच्याच मशीनवर नसतो. पुढचा भाग कापून पाथ टेक्सचर्सपासून ठेवा आणि मेश सेव्ह करा. एका मेशमध्ये असे चार-पाच आकार असू शकतात, त्यामुळे पहिला दुरुस्त करून थांबू नका. हंड्याचा बाहेरचा भाग नीट आणि आतला जांभळा, हे हमखास यामुळेच होतं.

मेश शेकड्यांनी असतील तर हातानं उघडत बसू नका. एक्सएडिटसोबत ॲसेट्स मॅनेजर नावाची स्क्रिप्ट येते. प्लगिनवर (मॉडच्या नोंदी असलेल्या मुख्य फाईलीवर) ती चालवली की त्याला लागणाऱ्या आणि न सापडणाऱ्या फाईलींची यादी मिळते. मात्र एक्सएडिटही त्या कोऱ्या प्रोफाईलमधूनच चालवा. रोजच्या प्रोफाईलमधून चालवलंत तर सगळं सापडतंच आणि यादी रिकामी येते.

फाईलींची नावं साध्या रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी नाव एक्सप्लोररमध्ये छान दिसतं, पण आर्काइव्ह आणि खेळाचं इंजिन यांना ते पेलवत नाही.

आर्काइव्हचं नाव चुकलं की सगळंच गेलं

बीएसए आपोआप उघडली जाते ती केवळ नावाच्या जोरावर. प्लगिनचं जे नाव तेच बीएसएचं. टेक्सचरची वेगळी असेल तर प्लगिनचं नाव, एक रिकामी जागा, डॅश, पुन्हा रिकामी जागा आणि टेक्सचर्स हा शब्द. यापलीकडचं नाव खेळ ओळखत नाही. नव्या आवृत्तीच्या वेळी उत्साहात बीएसएच्या नावापुढे आवृत्तीचा आकडा जोडला, की एकही फाईल लोड होत नाही. तुमच्याकडे सुट्या फाईली पडलेल्या असतात म्हणून तुम्हाला काहीच फरक जाणवत नाही. आवृत्तीचा आकडा झिपेच्या नावात घाला, आतल्या फाईलींच्या नावात नको.

एका बीएसएची मर्यादा २ जीबी आहे, त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबा. आवाजाच्या फाईली असलेल्या आर्काइव्हला कॉम्प्रेशन लावू नका. लावलं की आवाज गायब होतात आणि माणूस व्हॉइस फाईलींचे पाथ तपासत बसतो, जे बरोबरच असतात.

अजून एक तक्रार नेहमी येते: नवी आवृत्ती बसवली, पण बदल काहीच दिसत नाही. सुटी फाईल बीएसएवर नेहमी मात करते. पहिली आवृत्ती सुट्या फाईलींची होती, दुसरी बीएसएमध्ये आली आणि वापरणाऱ्यानं बसवताना मर्ज निवडलं, तर जुन्या सुट्या फाईली जागच्या जागी राहतात आणि नव्या आर्काइव्हला कुणी विचारत नाही. सूचनांमध्ये रिप्लेस निवडा असं ठळक लिहा.

काळा चेहरा

हा सगळ्यांत जास्त छळतो, म्हणून थोडं सविस्तर.

पात्राचा चेहरा दोन ठिकाणी साठवलेला असतो. एक, प्लगिनमधल्या पात्राच्या नोंदीत: नाक, डोळे, केस, वजन, त्वचेचा रंग. दोन, आधीच तयार करून ठेवलेल्या फेसजेन फाईलींत: मेशेसखाली फेसजिओमची निफ (मेशची फाईल) आणि टेक्सचर्सखाली फेसटिंटची डीडीएस (चित्राची फाईल). या दोन्हींचं जुळलं नाही की चेहरा काळा किंवा राखाडी पडतो.

फाईल सापडायची असेल तर फोल्डरचं आणि फाईलचं नाव अचूक हवं. फोल्डरचं नाव म्हणजे पात्र ज्या प्लगिनमध्ये मुळात जन्मलं त्याचं पूर्ण नाव, शेवटच्या ईएसपी किंवा ईएसएम या एक्स्टेन्शनसकट. फाईलचं नाव म्हणजे पात्राचा आठ अंकी फॉर्म आयडी (नोंदीचा क्रमांक, त्यात अंकांच्या जागी ए ते एफ ही अक्षरंही येतात), पण लोड ऑर्डरचा, म्हणजे प्लगिनच्या क्रमाचा, भाग शून्य करून. समजा एक्सएडिटमध्ये पात्राचा आयडी एफई०१२८१२ असा दिसतो. सुरुवातीचं एफई म्हणजे हा हलका (इतर हलक्यांसोबत क्रमातली एकच जागा वाटून घेणारा) प्लगिन आहे, पुढचे तीन अंक हा त्याचा त्या यादीतला क्रम, तो प्रत्येकाच्या मशीनवर वेगळा. पात्राचे स्वतःचे अंक शेवटचे तीनच, ८१२. म्हणून फाईलचं नाव ०००००८१२. साधा ईएसपी असेल तर पहिले दोनच अंक शून्य होतात, उरलेले सहा जसेच्या तसे राहतात.

आता यात बिघाड कसा होतो ते बघा. प्लगिनचं नाव बदललं, की फेसजेनचा फोल्डर जुन्याच नावाचा राहतो. व्हॉइस फाईलींचा फोल्डरही प्लगिनच्याच नावाचा असतो, त्यामुळे एका फटक्यात चेहरे आणि आवाज दोन्ही जातात. दुसरा प्रकार म्हणजे मॉड हलका करायला एक्सएडिटमधून फॉर्म आयडी आकसून घेतले: आयडी बदलले, फाईली जुन्या क्रमांकावर राहिल्या. इथे फाईलींची नावं हातानं बदलून भागत नाही, कारण निफच्या आत फेसटिंटचा पाथ लिहिलेला असतो आणि तोही जुन्याच क्रमांकाचा असतो.

म्हणून डागडुजी करण्यापेक्षा चेहरे पुन्हा एक्सपोर्ट करणं बरं. क्रिएशन किटमध्ये तुमचा प्लगिन ॲक्टिव्ह करून उघडा, पात्रांच्या यादीत फक्त तुमची पात्रं निवडा, कंट्रोल आणि एफ४ दाबा, विचारलं की होकार द्या. सगळी यादी निवडून एफ४ दाबू नका, नाहीतर मूळ खेळातल्या पात्रांचे चेहरेही तयार होतील आणि ते चुकून झिपेत गेले की इतरांच्या मॉडमधले चेहरे तुम्ही काळे करून ठेवाल. एक्सपोर्ट झाल्यावर ओव्हरराईट तपासा, जुना फेसजेन फोल्डर मुळापासून काढा आणि नवा आत टाका. नोंदी किती आणि निफ किती, दोन्ही मोजा. आकडे जुळले पाहिजेत. ज्या पात्रांचं रूप यादीतून ऐनवेळी ठरतं त्यांना स्वतःची फेसजेन नसते, ती मोजू नका.

पॅकिंग बिनचूक असूनही एखाद्याला काळा चेहरा दिसत असेल, तर त्याच्याकडे दुसरा मॉड तेच पात्र बदलतोय. नोंद त्याची जिंकते आणि चेहऱ्याच्या फाईली तुमच्या, किंवा उलट. प्लगिनचा क्रम आणि फाईलींचा क्रम दोन्हींत एकच मॉड वर राहील असं करायला सांगा. दोन्ही मॉडमधले बदल हवेच असतील तर छोटा पॅच बनवावा लागतो.

विषय दिसत नाही, किंवा सबटायटल क्षणात उडतं

खेळ सुरू होताच चालू होणाऱ्या क्वेस्टमधले संवाद एसईक्यू फाईलवर अवलंबून असतात. ती नसेल तर मॉड बसवल्यावर पहिल्या खेपेला विषय दिसत नाही. सेव्ह करून पुन्हा लोड केलं की दिसतो. बनवणारा तासाला दहा वेळा लोड करत असतो, त्यामुळे त्याला हा दोष जन्मात दिसायचा नाही.

एक्सएडिटमध्ये प्लगिनवर उजवं क्लिक करा, अदरखाली एसईक्यू फाईल बनवण्याचा पर्याय आहे. फाईल एसईक्यू नावाच्या फोल्डरमध्ये प्लगिनच्याच नावानं जाते. ती एकदा करून विसरायची गोष्ट नाही. असा नवा क्वेस्ट जोडला, फॉर्म आयडी बदलले किंवा मास्टर फाईलींची (मॉड ज्यांच्यावर अवलंबून असतो त्या प्लगिनची) संख्या कमी-जास्त झाली, की पुन्हा बनवा. मास्टरचा मुद्दा सहज निसटतो: फाईलीतले आयडी मास्टरच्या क्रमानुसार लिहिलेले असतात, एक मास्टर घटला की सगळे आकडे सरकतात.

सबटायटल झर्रकन उडून जात असेल तर त्या ओळीला आवाजाची फाईलच नाही. बिनआवाजी संवाद वाचण्याइतका वेळ धरून ठेवणारा एक एसकेएसई प्लगिन, फझ रो डो, बहुतेक मॉडकर्त्यांकडे कायमचा बसवलेला असतो, म्हणून त्यांना हे कधी कळतच नाही. एक तर तो गरज म्हणून जाहीर करा किंवा प्रत्येक ओळीला पुरेशा लांबीची मुकी फझ (आवाजाची) फाईल द्या. तीस-चाळीस ओळी असतील तर दुसरा मार्ग परवडतो.

स्क्रिप्ट आणि जुना सेव्ह

खेळाच्या आयएनआयमध्ये पॅपिरस (खेळाची स्क्रिप्टभाषा) विभागात लॉगिंग, ट्रेस आणि डीबग माहिती या तिन्ही ओळींची किंमत १ करा. लॉग डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्सखाली, खेळाच्या फोल्डरमधल्या लॉग्ज, स्क्रिप्ट इथे मिळतो, ताजा नेहमी शून्य क्रमांकाचा. त्यात तुमच्या स्क्रिप्टच्या नावापुढे फाईल नसल्याची तक्रार असेल तर कंपाईल झालेली पीईएक्स झिपेत गेलेली नाही. नन (रिकाम्या) ऑब्जेक्टवर फंक्शन बोलावल्याची तक्रार असेल तर बहुधा एखादी प्रॉपर्टी (स्क्रिप्टला प्लगिनमधून द्यायची किंमत) भरायची राहिली आहे.

ही दुसरी चूक जुन्या सेव्हवर लपते. क्वेस्ट एकदा चालू झाला की त्याच्या प्रॉपर्टींच्या किमती सेव्हमध्ये गोठतात. नंतर तुम्ही प्लगिनमध्ये किंमत बदलली, पुसली किंवा चुकवली, तरी तो सेव्ह जुनीच किंमत वापरत राहतो. मॉड काढून सेव्ह करायचा आणि परत टाकायचा, या युक्तीवर विसंबू नका. ज्या सेव्हनं मॉड कधी पाहिलेलाच नाही, तोच चाचणीला घ्या.

झिपेच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये फक्त तुमच्या स्क्रिप्ट हव्यात. एसकेएसईच्या पीईएक्स चुकून गेल्या, तर खेळाची वेगळी आवृत्ती असलेल्या प्रत्येकाकडे गोंधळ होणार. स्वतःच्या सगळ्या स्क्रिप्टना सुरुवातीला एकच तीन-चार अक्षरी खूण लावून ठेवली तर परकी फाईल बघताक्षणी कळते.

मेनूच येत नाही

मॉड चालू केला की मेनू यायच्या आधीच खेळ बंद पडत असेल, तर आधी मास्टर बघा. एक्सएडिटमध्ये प्लगिनच्या हेडरमध्ये मास्टरची यादी असते. तिच्यात अनपेक्षित नाव दिसलं तर क्लीन मास्टर्स चालवा. तरीही ते जात नसेल तर कुठल्यातरी नोंदीत त्याचा खरा वापर आहे, आणि ती नोंद शोधावीच लागेल. ॲनिव्हर्सरी एडिशनवाल्यांनी खास लक्ष द्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये फिशिंग, सर्व्हायव्हल मोड, रेअर क्युरिओज आणि सेंट्स अँड सिड्युसर्स ही चारच क्रिएशन (खेळाची अधिकृत जोड) स्पेशल एडिशनच्या सगळ्या मालकांना मोफत मिळाली. बाकीच्यांतली एखादी खुर्ची किंवा तलवार तुमच्या घरात ठेवली गेली, की विकत न घेतलेल्यांसाठी मॉड तिथेच संपला.

दुसरं कारण हलक्या प्लगिनचं. जुन्या नियमानुसार त्याला ८०० ते एफएफएफ एवढेच आयडी, म्हणजे २,०४८ नव्या नोंदी मिळत. खेळाच्या डिसेंबर २०२३ च्या १.६.११३० आवृत्तीनं ही मर्यादा ४,०९६ केली आणि हेडरचा आकडा १.७१ झाला. नव्या क्रिएशन किटमध्ये सेव्ह केलेला असा प्लगिन १.५.९७ किंवा १.६.६४० वर थांबलेल्यांकडे नीट चालत नाही. त्यांना ही नवी सोय जुन्या आवृत्तीत आणणारा बीईईएस हा मॉड लागतो. तशी माणसं आजही पुष्कळ आहेत, तेव्हा गरजांच्या यादीत त्याचं नाव घाला.

तक्रार आली की काय विचारायचं

नुसतं "चालत नाही" यावरून काही सापडत नाही. चार गोष्टी मागा. खेळाची आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत, कारण १.६ म्हणण्यानं काहीच कळत नाही. मॉड नवा बसवला की जुन्यावर मर्ज केला. सेव्ह नवा की जुना. आणि एक स्क्रीनशॉट: कन्सोल उघडा, बिघडलेल्या वस्तूवर किंवा पात्रावर क्लिक केलेलं, वरचा आठ अंकी क्रमांक वाचता येईल असा. वस्तूच्या क्रमांकाचे पहिले दोन अंक, किंवा एफईनंतरचे तीन, तुमच्या प्लगिनच्या क्रमाशी जुळले नाहीत, तर ती वस्तू तुम्ही ठेवलेलीच नाही. पात्राचं तसं नाही. तुम्ही मूळ खेळातलं पात्र बदललं असेल तर क्रमांक मूळ खेळाचाच दिसतो, म्हणून पात्राच्या बाबतीत लोड ऑर्डरची पूर्ण यादीही मागून घ्या.